रजेचा रकाना

११ ऑगस्ट २०२४ रोजी लील येथे जर्मनीला ३९–२६ असे नमवून डेन्मार्कचे हँडबॉलपटू मिकेल हॅन्सन यांनी ऑलिंपिक सुवर्णपदकासह मैदानाचा निरोप घेतला, तेव्हापासून आमच्या प्रशिक्षक-वाचकांची पत्रे एकाच मागणीची येत आहेत: लेफ्ट बॅकच्या जागेवरून, नऊ मीटरच्या रेषेमागून सुटणाऱ्या त्यांच्या फेकीचे सचित्र विवेचन छापा. विवेचन अवश्य छापू. परंतु २०११, २०१५ व २०१८ अशा तीन वर्षी जगात सर्वोत्तम ठरलेल्या या खेळाडूच्या चरित्रातील जो भाग आपल्या व्यवसायाशी अधिक निगडित आहे, त्याविषयी एकाही पत्रात अक्षर नसावे, याचा विषाद वाटतो.

पॅरिसच्या क्लबात दहा वर्षे, शिवाय राष्ट्रीय संघ, आणि पुरुषांची जागतिक वा युरोपीय स्पर्धा दरवर्षी जानेवारीत, म्हणजे क्लबांचा मोसम ऐन मध्यावर असताना, भरविण्याचा महासंघांचा शिरस्ता. या जात्यात ते शरीर भरडले गेले. पॅरिसमधील अखेरच्या मोसमात रक्ताच्या गुठळीने सक्तीची विश्रांती घडविली, आणि २०२३ मध्ये, डेन्मार्कने सलग तिसऱ्यांदा जगज्जेतेपद मिळविल्यानंतर थोड्याच दिवसांत, हॅन्सन मानसिक ताणामुळे रजेवर गेले. त्यांच्या तेव्हाच्या, आल्बोर्गच्या क्लबाने हे कारण उघडपणे जाहीर केले. पुढल्या वर्षी ते चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात उभे होते. (बार्सिलोनाने तो एका गोलाने जिंकला, ते एक जेतेपद त्यांना अखेरपर्यंत लाभले नाही.)

आणि आपल्याकडे? एका वाचकाने धाडलेला स्पर्धा-कचेरीचा छापील नमुना आमच्या पुढ्यात आहे. गैरहजेरीच्या कारणासाठी त्यात अस्थिभंग, मुरगळ, ज्वर आणि घरातील मृत्यू असे चारच रकाने. झोप उडालेल्या, चेंडू पाहताच घाम फुटणाऱ्या मुलाला यांपैकी कोठे बसवावे, असे लेखी विचारता ‘कारण सबळ नाही’ असा शेरा मारून कागद दप्तरी दाखल झाला. आणि पुढे तेथल्याच कारकुनाच्या तोंडी सल्ल्यावरून मुरगळीचा खोटा दाखला जोडण्यात आला, तो मात्र विनाहरकत मंजूर!

कचेरीला बोल लावून आपली सुटका नाही. शाळा, जिल्हा आणि क्लब अशा तिन्ही संघांत एकच डावखुरा मुलगा उभा करणारे आपणच आहोत. तेव्हा, प्रशिक्षकहो, प्रत्येक खेळाडू किती मिनिटे खेळला याची वही आजच घाला आणि तिची नक्कल दिवाळीपूर्वी आमच्याकडे पाठवा. पाचव्या रकान्याच्या मागणीचा अर्ज आम्ही त्या नोंदींसह गुदरणार आहोत. ज्यांच्या नोंदी येणार नाहीत, त्यांचीही नावे छापण्याचा विचार आहे.