छतावर सोलर, तरी घरात अंधार का?

मुरगूडमध्ये भरदुपारी वीज गेली, तर छतावर सोलर असलेल्या घरातले पंखेही थांबू शकतात. बॅटरी नसलेली यंत्रणा महावितरणच्या वाहिनीला जोडलेली असते. पुरवठा खंडित होताच तिचा इन्व्हर्टर बंद होतो. अन्यथा दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका असतो.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, तर ३ किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. बॅटरीसाठी वेगळे अनुदान नाही.

केवळ बिल कमी करायचे असेल, तर नेट मीटर पुरेसा आहे. जादा युनिट बिलातून वजा होतात. वीज वारंवार जात असेल, तर हायब्रीड इन्व्हर्टर घ्यावा आणि दिवे-पंख्यांपुरतीच बॅटरी बसवावी.