घरसंसार : माशांसाठी पाणी कसे तयार करावे?

सुट्टी लागली की मुलांचा हट्ट सुरू होतो, घरात मासे आणायचे. फ्लॅटमध्ये कुत्रा-मांजर नको असते. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे तर कायद्यानेच गुन्हा आहे. त्यामुळे माशांना आईवडीलही चटकन होकार देतात. रविवारी काचेचा टँक येतो, रंगीत खडे येतात, नळाचे पाणी भरले जाते आणि त्याच संध्याकाळी दहा-बारा मासे त्यात सोडले जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक मासा पोट वर करून तरंगू लागतो. पंधरवड्यात निम्मा टँक रिकामा होतो. दुकानदार म्हणतो, मासा नाजूक होता. आजी म्हणते, घराला मासे लाभत नाहीत. मुले रडून रडून हैराण होतात.

अशा वेळी दोष बहुधा माशांचा नसतो आणि घराचाही नसतो. दोष असतो पाण्याचा. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले म्हणजे ते माशांना मानवेलच असे नाही. टँकसाठी दोन वेगवेगळी कामे करावी लागतात. बाहेरून येणारे पाणी माशांजोगे करणे हे पहिले काम आणि टँकमधले पाणी रोजच्या रोज चांगले राखणे हे दुसरे. अनेक घरांत या दोन कामांची गल्लत होते आणि पैसे नको तिथे खर्च होतात.

नळाचे पाणी आणि क्लोरीन

नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे जे मानक आहे, त्यानुसार क्लोरीन वापरून शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. माणसाला ते अपायकारक नाही. मासा मात्र कल्ल्यांतून पाणी घेऊन श्वास घेतो आणि क्लोरीनमुळे कल्ल्यांची नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते.

यावर उपाय अगदी घरगुती आहे. नळाचे पाणी पसरट बादलीत किंवा पिंपात 24 तास उघडे ठेवावे. एअर पंपाची नळी त्यात सोडली तर क्लोरीन लवकर उडून जाते. घाई असेल तर माशांच्या दुकानात मिळणारे क्लोरीन घालवण्याचे औषध वापरावे, पण पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते नुसते पाणी ठेवून जात नाही, तिथे औषधच हवे. आपल्या पाण्यात काय घालतात, याची चौकशी पाणीपुरवठा कार्यालयात करता येते.

हलके पाणी, जड पाणी

धरणाचे किंवा तलावाचे पाणी बहुधा हलके असते, तर बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. गृहिणींना हा फरक सांगावा लागत नाही. साबणाला फेस येत नाही, गीझरमध्ये पांढरा थर जमतो, नळाच्या तोंडाशी क्षार धरतात, ही जड पाण्याची लक्षणे. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण म्हणजे टीडीएस. ते मोजायला पेनासारखे छोटे यंत्र मिळते. पिण्याच्या पाण्यात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम मानली आहे.

माशांमध्येही आवडीनिवडी असतात. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणी मानवते. निऑन टेट्रा, डिस्कस यांना हलके पाणी लागते. गोल्डफिश दोन्हीकडे जुळवून घेतो, पण घाण फार करतो. म्हणून आधी घरचे पाणी पाहावे आणि मग मासे निवडावेत. बोअरचे पाणी असलेल्या घरी गप्पी आणि मॉली आणले, तर पाणी बदलण्याच्या यंत्राची गरजच उरत नाही.

आरओची गरज कोणाला?

'माशांनाही आपल्यासारखे आरओचेच पाणी देऊ,' असे पुष्कळांना वाटते. हेतू चांगला असला तरी विचार चुकीचा आहे. आरओ यंत्र पाण्यातले बहुतेक क्षार काढून टाकते. पण थोडे क्षार माशांच्या शरीराला हवे असतात आणि पाण्याचा आम्लपणा स्थिर ठेवण्याचे कामही क्षारच करतात. नुसत्या आरओच्या पाण्यात हा आम्लपणा थोड्या दिवसांत एकदम बदलू शकतो आणि मासे धडधाकट दिसता दिसता मरतात.

शिवाय आरओ यंत्र बरेच पाणी बाहेर टाकते. ज्या घरात टँकर मागवावा लागतो, तिथे माशांसाठी बादल्याच्या बादल्या मोरीत सोडणे परवडणारे नाही. ते टाकाऊ पाणी फरशी पुसायला जरूर वापरावे, टँकमध्ये मात्र घालू नये. त्यात क्षार आणखी वाढलेले असतात.

बोअरचे पाणी फारच जड असेल आणि हलक्या पाण्याचे मासे ठेवायचेच असतील, तरच आरओचा उपयोग होतो. तेव्हाही निम्मे आरओचे आणि निम्मे साठवलेले साधे पाणी मिसळून सुरुवात करावी, टीडीएस मोजावा आणि ठरलेले प्रमाण दर वेळी तेच ठेवावे. यूव्ही यंत्राचे काम जंतू मारण्याचे. त्याने पाण्याचा जडपणा कमी होत नाही.

न दिसणारे विष

आता दुसरे काम. मासे टँकमध्येच खातात आणि तिथेच घाण करतात. त्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याला रंग नसतो, पण मासे मरतात ते बहुतेक वेळा त्याच्यामुळे. जड, अल्कधर्मी आणि कोमट पाण्यात तो अधिकच घातक ठरतो.

निसर्गाने यावर तोड ठेवली आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते थोड्या प्रमाणात माशांना सोसते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करतात. मात्र नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी बारा मासे सोडले तर विष साफ करणारे कोणीच नसते.

दह्याला विरजण लागते, तसेच इथेही आहे. ओळखीच्या घरी निरोगी मासे असलेला जुना टँक असेल, तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडे आणून आपल्या टँकमध्ये घालावेत. काम लवकर होते.

फिल्टर कोणता घ्यावा?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ भरल्यास सुमारे 56 लिटर पाणी मावते. टँकमधले सगळे पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरावे, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे या टँकला तासाला 225 ते 280 लिटर पाणी फिरवणारा फिल्टर पुरतो.

थोड्या लहान माशांसाठी एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर स्वस्त आणि भरवशाचा. त्यात पिल्ले ओढली जात नाहीत. मध्यम टँकला आत बसणारा किंवा काठावर टांगायचा पॉवर फिल्टर चांगला. मोठ्या टँकला बाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर लागतो. फायटर माशाला जोराचा प्रवाह सोसत नाही, त्याच्यासाठी स्पंजच बरा. फिल्टरमधला कार्बन पाण्याचा रंग आणि वास काढतो, पण काही आठवड्यांनी तो बदलावा लागतो.

बसवताना

टँक खिडकीच्या उन्हात ठेवू नये, शेवाळ वाढते. पाणी, काच आणि खडे मिळून दोन फुटी टँक सत्तर किलोच्या आसपास जातो. टेबल भक्कम आणि सपाट असावे, खाली थर्मोकोल घालावा. खडे नुसत्या पाण्याने धुवावेत, साबण लावू नये. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात येते. वायर प्लगच्या खाली झोळासारखी लोंबती ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता खाली गळते. प्लगला अर्थिंग हवेच. टँकमध्ये हात घालण्यापूर्वी बटण बंद करावे आणि हे मुलांनाही शिकवावे.

फिल्टर सुरू केल्यावर सुरुवातीला दोन-तीनच मासे सोडावेत आणि खाणे चिमूटभर द्यावे. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे थेंबांचे किट मिळते, ते जरूर घ्यावे. दोन्ही शून्यावर आले की थोडे थोडे मासे वाढवावेत. फिल्टर रात्रीही बंद करू नये. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागले, तर खाणे थांबवावे, एक तृतीयांश पाणी लगेच बदलावे आणि हवा वाढवावी.

दर रविवारी

आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी नळीने तळातून ओढून काढावे आणि तेवढेच साठवलेले, साधारण त्याच तापमानाचे पाणी घालावे. सगळे पाणी एकदम बदलण्याचा मोह टाळावा. स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने जिवाणूंची वस्तीच नष्ट होते. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्यावा. उरलेले पाणी कुंड्यांना घालावे, झाडांना ते खत म्हणून चालते.

ही कामे मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली करावीत. शनिवारी बादली भरून ठेवायची आठवण मुलानेच ठेवावी. मासा भुंकत नाही, ओरडत नाही, त्याला काय होते आहे ते सांगत नाही. त्याचे पाणी वेळेवर पाहणारे कोणीतरी घरात असावे लागते.