सायकलवरची थंडी आणि शाळेचा स्वेटर



दिवाळी झाली की सकाळी घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो, "स्वेटर घातलास का?" बसने किंवा रिक्षाने शाळेत जाणाऱ्या मुलासाठी तो प्रश्न पुरेसा आहे. सायकलने जाणाऱ्यासाठी मात्र अजिबात पुरेसा नाही.

आपल्या खंडाळ्याचंच बघा. खंडाळ्याहून लोणावळ्याच्या शाळेत जायचं म्हणजे रस्ता एकूण चढाचा. खंडाळा समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर, लोणावळा 622 मीटरवर. घरातून निघताना पोर कुडकुडत असतं, म्हणून आपण त्याला जाड जर्किन घालतो, वर चेन गळ्यापर्यंत ओढून देतो. दहा मिनिटं पायडल मारलं की तेच पोर आतून घामाने भिजतं. शाळेत पोचल्यावर जर्किन काढतं आणि ओला शर्ट अंगावर घेऊन पंख्याखाली नाही तर उघड्या खिडकीशी बसतं. मग दोन दिवसांनी आपण म्हणतो, "थंडी बाधली." अहो, थंडी कसली, तो घाम! पाणी स्थिर हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो, ते वेगळंच. बाष्पीभवनाचा हा धडा आपण माठाचं उदाहरण देऊन शिकवतो. माठ गार होतो, तसा मुलगाही गार होतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हवा 10 अंशांवर असेल आणि सायकल ताशी 15 किलोमीटरने चालली असेल, तर उघड्या कातडीला ती साधारण 8 अंशांसारखी लागते. उतारावर वेग 30 झाला की साडेसहा अंशांसारखी. विणलेल्या स्वेटरला भोकंच भोकं. उभं राहिलं तर तो छान ऊब देतो, कारण त्याच्या धाग्यांत हवा अडकून राहते. पण सायकलवर समोरचा वारा ती हवा पळवून लावतो.

म्हणून माझं म्हणणं असं की सायकलसाठी कपडे निवडताना थंडीपेक्षा घाम आणि वारा यांचा विचार आधी करायचा. आत एक बनियन, त्यावर शर्ट, त्यावर पातळ स्वेटर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं साधं विंडचीटर, ज्याची चेन चढावर उघडता येईल. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. घरातच उबदार वाटलं तर कपडे जास्त झाले. दप्तरात एक कोरडं बनियन ठेवा, पोचल्यावर बदलायला. विंडचीटर नसेल तर वर्तमानपत्राचे दोन-तीन कागद छातीवर, स्वेटरच्या आत. हसू नका. टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीत डोंगरमाथ्यावरून उतरण्याआधी सायकलपटू हेच करत आलेत. रविवारी जुन्या हायवेवर पुण्या-चिंचवडकडून येणारे सायकलवाले महागड्या कपड्यांत दिसतात, ते बघून पोरं हट्ट धरतात. त्याची काही गरज नाही.

हातांकडे मात्र दुर्लक्ष नको. बोटं गारठली की ब्रेक नीट दाबला जात नाही आणि घाटातल्या उतारावर त्याचा अर्थ काय होतो हे मी सांगायला नको. बाकी काही नसलं तरी हातमोजे हवेतच, पण असे की बोटं सहज वाकतील. मफलर आणि ओढणी लोंबती ठेवू नका, चाकात अडकते. कानटोपी कान झाकणारी असावी, ऐकू येणं बंद करणारी नको. मागून येणारा ट्रक कळला पाहिजे.

आता आपल्या शिक्षकांकडे येतो. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. चांगलंच झालं. पण सायकल मारणारी मुलं बहुतेक त्यापुढच्या वर्गांतली. सकाळच्या सत्रात सातला शाळा भरत असेल तर जानेवारीत ती सूर्य उगवायच्या आधीच रस्त्यावर असतात. आणि आपण फाटकात उभं राहून त्यांना काय विचारतो? "हे लाल जर्किन कुठून आणलं? शाळेचा स्वेटर कुठाय?" शाळेचा स्वेटर बहुधा गडद निळा किंवा मरून, म्हणजे अंधारात न दिसणारा. पिवळं, पोपटी काहीतरी घातलेलं पोर ट्रकवाल्याला लांबून दिसतं. मुलींना स्कर्टखाली लेगिंग घालू न देणं तर मला समजतच नाही. गुडघ्यांना सगळा वारा समोरून लागतो.

गणवेशाला माझा विरोध नाही. गरीब-श्रीमंत भेद झाकायला तो हवाच. पण तो वर्गात. रस्त्यावर मुलाने काय घालावं हे हवा आणि रस्ता बघून आईबापांनी ठरवावं. पालकांनीही पालकसभेत हा विषय काढावा, मुलाच्या डायरीत शेरा येण्याची वाट बघू नये.

शाळेला यासाठी खर्चही नाही. वर्गाच्या मागच्या भिंतीला चार खिळे ठोका, एक दोरी बांधा. मुलं आली की जर्किनं, मोजे, ओलं बनियन तिथे वाळत टाकतील. मधल्या सुट्टीपर्यंत सगळं कोरडं होतं.