९१० ग्रॅम की एक लिटर? सुपरमार्केटमध्ये हिशेब नेमका कुठे चुकतो

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत महिन्याचा किराणा भरायची जुनी पद्धत साधी होती. यादी दुकानदाराच्या हातात द्यायची; माल काढायचा, तोलायचा, बांधायचा त्याने. यादीत नसलेल्या वस्तूकडे लक्ष जायचे कारणच नव्हते.

सुपरमार्केटने तो काउंटरच काढून टाकला. अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी १९१६ मध्ये ‘पिगली विगली’ सुरू केले. तिथे ग्राहक स्वतः टोपली घेऊन फिरायचा. पण टोपली जड झाली की खरेदी थांबायची. म्हणून ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांनी १९३७ मध्ये चाकांची ट्रॉली आणली.

बाकीच्या युक्त्या आता बहुतेकांना ठाऊक आहेत. नजरेच्या उंचीवर महाग ब्रँड, बिलाच्या रांगेत मुलांच्या हाताला येतील अशी चॉकलेटे, ९९ रुपयांचे भाव. दुकानातल्या संथ गाण्यांचाही परिणाम होतो. रोनाल्ड मिलिमन यांच्या १९८२ च्या अभ्यासात वेगवान संगीतापेक्षा संथ संगीताच्या काळात विक्री सुमारे ३८ टक्के जास्त भरली.

एमआरपीचा खुंटा

‘एमआरपी १६०, आमचा भाव १३२’ असे वाचले की २८ रुपये वाचल्यासारखे वाटते. पण एमआरपी म्हणजे बाजारभाव नव्हे. ती कमाल किंमत असते आणि ती उत्पादक किंवा पॅकिंग करणारी कंपनीच ठरवते. आकडा मोठा छापला की सूटही मोठी दिसते. तुलना करायची तर शेजारच्या किराणा दुकानातल्या भावाशी करावी.

खरी गोम वजनात

एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. बाजारात ८५०, ८००, ७५० ग्रॅमची पाकिटेही येतात आणि लांबून सगळी ‘लिटरची’च वाटतात. ज्या लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव क्विंटलवर रोज घासाघीस करून ठरतो, तिथलेच शेतकरी कुटुंब तेल घेताना पाकिटाचे वजन वाचत नाही!

पूर्वी तेल, डाळ, चहा, बिस्किटे अशा वस्तू ठरलेल्या वजनातच पॅक कराव्या लागत. २०२१ च्या नियमदुरुस्तीने ते बंधन गेले. बदल्यात पाकिटावर ‘युनिट सेल प्राइस’, म्हणजे एककाचा भाव, छापणे सक्तीचे झाले.

हेतू चांगला, पण अंमल ग्राहकाच्या सोयीचा नाही. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर भाव प्रति ग्रॅम, तर जास्त वजनाच्या पाकिटावर प्रति किलो असतो. शिवाय तो दोन दशांश स्थळांपर्यंतच. समजा, ५०० ग्रॅम तूरडाळ ७७ रुपयांना आणि ८०० ग्रॅम ११७ रुपयांना आहे. दोन्हींवर ‘०.१५ रुपये प्रति ग्रॅम’ असेच छापले जाईल. प्रत्यक्षात पहिली किलोला १५४ रुपये पडते, दुसरी १४६ रुपये २५ पैसे. पावणेआठ रुपयांचा फरक छपाईतच गडप!

किलोचा भाव काढायचा तर किमतीला ग्रॅमने भागून हजाराने गुणावे लागते. मोबाइलवर हे दहा सेकंदांचे काम आहे, पण ट्रॉली ढकलत, मुलाला सांभाळत ते कोण करणार? डाळ-तेलाच्या प्रत्येक पाकिटावर, वजन काहीही असो, भाव किलोमागेच छापायला लावणे सरकारला अवघड नाही.