खिशातील वाटाड्या

विमानात बसणाऱ्या मुलाने खिडकीजवळची जागा मागितली, म्हणजे वडीलमाणसे ती त्याला कौतुकाने देतात. पण त्याच मुलाने पिशवीतून तळहाताएवढे स्थानदर्शक यंत्र काढले, की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. 'वाट वैमानिकाला ठाऊक आहे. तुला ती कशाला हवी?' असे एक जण म्हणतो. 'ते चालू केलेस तर विमान भरकटेल!' असे दुसरा बजावतो. हे दोन आक्षेप एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. पहिला आक्षेप आळसातून निघालेला आहे व तो सर्वस्वी चुकीचा आहे. दुसरा अर्धवट ज्ञानातून निघालेला असला, तरी त्यात सत्याचा अंश आहे.

प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहिले पाहिजे. डोंगर चढणारे, रानावनातून हिंडणारे व जमीन मोजणारे लोक ते वापरतात. आजच्या बहुतेक मोबाइल फोनांतही ते लहान रूपाने बसविलेले असते. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे जी.पी.एस. उपग्रह दिवसातून सुमारे दोन वेळा पृथ्वीप्रदक्षिणा करीत असतात. प्रत्येकात अत्यंत अचूक असे आण्विक घड्याळ असते. आपण कोठे आहोत आणि या क्षणी किती वाजले आहेत, एवढीच दवंडी तो उपग्रह अखंड पिटीत असतो. हातातील यंत्र ती दवंडी ऐकते. प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या त्या संदेशालाही खाली पोहोचण्यास सेकंदाचा पंधरावा भाग तरी लागतो, आणि हा विलंब मोजला की उपग्रहाचे अंतर कळते. तीन उपग्रहांची अंतरे मिळाली, म्हणजे वास्तविक काम भागावयास हवे. परंतु यंत्रातील घड्याळ साधे असते आणि त्यात सेकंदाच्या एक लक्षांश भागाइतकी चूक झाली, तरी अंतरात तीन किलोमीटरांची चूक होते! म्हणून चौथ्या उपग्रहाची साक्ष काढून यंत्र आपल्या घड्याळाचीच चूक आधी दुरुस्त करते. तारे पाहून दिशा ठरविणाऱ्या जुन्या नावाड्यांना हा हिशेब ऐकून खचितच आनंद झाला असता.

हे उपग्रह मूळ सैन्याच्या उपयोगासाठी होते. त्यांतील पहिला १९७८ मध्ये आकाशात गेला. पुढे १ सप्टेंबर १९८३ रोजी एक भीषण घटना घडली. अलास्कातील अँकरेज येथून सोलकडे निघालेले कोरियाचे एक प्रवासी विमान आपल्या मार्गापासून शेकडो किलोमीटर ढळले आणि सोव्हिएत रशियाच्या हद्दीत शिरले. रशियाच्या लढाऊ विमानाने ते पाडले व आतील सर्व २६९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर काही दिवसांतच, ही उपग्रहांची व्यवस्था पूर्ण होताच ती जगातील नागरिकांच्या विमानांनाही मोफत उपलब्ध होईल, असे अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या वतीने घोषित करण्यात आले. १९९५ मध्ये २४ उपग्रहांची ती योजना पूर्णपणे कार्यान्वित झाली. नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक २ मे २००० पासून काढून टाकण्यात आली, तेव्हा कोठे सामान्य माणसाच्या हातातील यंत्र खरोखर अचूक झाले. भारतानेही २०१३ पासून आपले स्वतःचे उपग्रह सोडून 'नाविक' नावाची व्यवस्था उभारली. आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत, हे सामान्य मुलालाही विनामूल्य कळावे, हे केवढे भाग्य! आणि ते विमानातच कळू नये, असे म्हणणारा मनुष्य जिज्ञासेचे दार विनाकारण लावून घेत असतो.

मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या विमानाचेच उदाहरण घ्यावे. ही दोन शहरे सरळ रेषेत जवळजवळ ७०० किलोमीटर दूर आहेत. मुंबईचे विमान बहुधा पश्चिमेकडे समुद्रावर झेपावते आणि मग पूर्वेकडे वळते. यंत्र चालू ठेवण्यास परवानगी असेल, तर रेखांशाचा आकडा आधी किंचित उतरतो व मग चढू लागतो, ही मौज पाहावयास मिळते. नकाशावर ती सरळ रेषा माळशेज घाटाजवळ सह्याद्री ओलांडते. डाव्या हाताला कळसूबाईचा मुलूख राहतो. श्रीरामपूरच्या आसपास गोदावरी लागते. पुढे छत्रपती संभाजीनगर जवळजवळ पायांखालून जाते. उजव्या हाताला दूरवर जायकवाडीचा विस्तीर्ण जलाशय चकाकत असतो, आणि आणखी पुढे, रेषेच्या दक्षिणेस तीसेक किलोमीटरांवर, लोणारचे सरोवर असते. हवा स्वच्छ असेल व दृष्टी तीक्ष्ण असेल, तर ते वाटोळे विवर उजवीकडच्या खिडकीतून ओळखता येईल. परंतु केव्हा पाहावयाचे, हे ठाऊक असले तर! विमान मिनिटाला बारा-तेरा किलोमीटर तोडीत असते. लोणार समोर येऊन मागे पडण्यास पाच मिनिटेही पुरतात. विमान नेमके याच रेषेवरून जाईल असेही नाही. अशा वेळी ७६ अंश ३० कलांचा रेखांश जवळ आला, हे सांगणारे यंत्र हाती असले, म्हणजे खाली दिसणाऱ्या करड्या-हिरव्या पटाला एकाएकी नावे फुटतात. भूगोलाच्या पुस्तकात जी नदी एक निळी रेघ होती, ती वळणे घेत प्रत्यक्ष वाहताना दिसते.

आणखी एक गंमत आहे. या प्रवासात रेखांश सहा अंशांनी वाढतो. प्रत्येक अंशाला चार मिनिटे धरली, तर नागपूरच्या डोक्यावर सूर्य मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी येतो. दोन्ही शहरांतील घड्याळे मात्र एकच वेळ दाखवितात. हा धडा वर्गात फळ्यावर कितीही वेळा काढून दाखविला, तरी मुले तो परीक्षेपुरताच लक्षात ठेवतात. आकडा डोळ्यांदेखत वाढताना पाहिलेले मूल तो सहसा विसरणार नाही.

काही यंत्रांत हवेच्या दाबावरून उंची सांगण्याचीही सोय असते. असे यंत्र विमानात मोठ्या चमत्कारिक गोष्टी सांगते. उपग्रहांच्या हिशेबाने उंची ११,००० मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर. आणि हवेच्या दाबाच्या हिशेबाने ती जेमतेम २,००० मीटर! यंत्र बिघडले, असे समजून पुष्कळ लोक ते बंद करतात. वस्तुतः दोन्ही आकडे खरे आहेत. एवढ्या उंचीवरील विरळ हवेत मनुष्य जगणार नाही, म्हणून विमानात हवा दाबून भरलेली असते. मात्र ती जमिनीवरच्याइतकी दाट नसते. आकाशातील शिखरांहून उंच उडणारे प्रवासी श्वास घेतात तो कळसूबाईच्या माथ्याहून थोड्या अधिक उंचीवरचा. ज्याने हे दोन आकडे शेजारी-शेजारी पाहिले, त्याला विमानात कान का दडे बसल्यासारखे होतात, हे समजावून सांगावे लागत नाही.

यंत्र वापरण्यातही थोडे कसब आहे. विमानाची काया धातूची असल्यामुळे मधल्या आसनावर बसलेल्याला बहुधा एकही उपग्रह सापडत नाही. यंत्र खिडकीच्या काचेजवळ धरावे लागते, आणि तेथेही अर्धेच आकाश वाट्याला येते. म्हणून विमानतळावर, विमानात चढण्यापूर्वीच एखाद्या मोठ्या खिडकीपाशी उभे राहून उपग्रह शोधून ठेवलेले बरे. हे सारे खरे असले, तरी जो मुलगा दीड तास केवळ आकड्यांकडे पाहत राहील आणि खिडकीबाहेर ढुंकूनही पाहणार नाही, त्याला हे यंत्र न दिलेलेच चांगले. त्याची खिडकीजवळची जागाही दुसऱ्या कोणास द्यावी.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळावयाचे. 'हे यंत्र फक्त ऐकते, बोलत नाही. मग ते कोणाला काय अपाय करणार?' असे उत्तर चलाख मुले देतात. उत्तर चांगले आहे, पण पुरे नाही. रेडिओलहरी ऐकणाऱ्या यंत्राच्या पोटातही लहरी उत्पन्न करणारी एक लहानशी जुळणी असते, आणि तिच्यातून थोड्या लहरी बाहेर झिरपतात. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत प्रवाशांचे एफ.एम. रेडिओ अशाच कारणासाठी विमानात बंद करण्यात आले होते. कारण त्यांतून झिरपणाऱ्या लहरी नेमक्या वैमानिकाच्या दिशादर्शक रेडिओच्या लहरींच्या पट्ट्यात पडत होत्या. तेव्हा केवळ ऐकणारे यंत्रही सर्वस्वी मुके नसते. आजची यंत्रे फारच कमी झिरपतात व विमानांची यंत्रणाही अधिक सुरक्षित झाली आहे, म्हणूनच २०१३ मध्ये अमेरिकेने आणि २०१४ मध्ये भारताने अशा लहान यंत्रांवरील बंधने बरीच सैल केली. तरीही कोणते यंत्र केव्हा चालू ठेवावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार विमान कंपनीचा व अखेरीस कप्तानाचा आहे. सर्व कंपन्यांचे नियम सारखे नाहीत. म्हणून यंत्र विमानसेविकेला दाखवावे व सरळ विचारावे. ती 'नको' म्हणाली, तर लहरींचे शास्त्र तिला शिकवीत बसू नये. दीडदोनशे प्रवाशांच्या हातांतील प्रत्येक यंत्र उघडून तपासणे तिला शक्य नसते. शास्त्र त्या मुलाच्या बाजूला असले, तरी त्याचे ते यंत्र निर्दोष आहे की पडून-आपटून बिघडलेले आहे, हे शास्त्रालाही दुरून सांगता येत नाही.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्याकडे वडीलमाणसांचेही लक्ष नसते. हुबेहूब स्थानदर्शकासारखी दिसणारी काही यंत्रे नुसती ऐकत नाहीत. ती उपग्रहामार्फत संदेशही पाठवितात. निर्जन पर्वतात अडकलेल्या गिर्यारोहकाचे प्राण अशा यंत्राने वाचू शकतात. परंतु भारतात सरकारची परवानगी घेतल्यावाचून असे यंत्र अथवा उपग्रह-दूरध्वनी बाळगणे हा गुन्हा ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटू स्त्रीला असल्याच यंत्रापायी अडवून ठेवण्यात आले व तिला दंड भरावा लागला. तिच्या देशात ती वस्तू कोणत्याही दुकानात मिळत होती. तिचा हेतूही निर्मळ होता. हा कायदा पाहुण्याला जाचक वाटेल. पण २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर समुद्रमार्गाने चालून आलेल्या हल्लेखोरांनी वाट शोधली ती अशाच हातात मावणाऱ्या स्थानदर्शकांच्या साहाय्याने, आणि त्यांच्याजवळ उपग्रह-दूरध्वनीही होता. हे ध्यानात घेतले, म्हणजे विमानतळावरील पहारेकरी ते यंत्र उलटसुलट करून का पाहतो, हे उमजेल. त्याने विचारण्यापूर्वीच यंत्र पिशवीतून काढून तबकात ठेवावे, आणि ते केवळ ऐकणारे आहे, हे शांतपणे सांगावे. पुणे किंवा गोव्याचे दाभोळी यांसारखी विमानतळे संरक्षण दलांच्या धावपट्ट्यांवर आहेत. तेथे छायाचित्रे काढण्यास मनाई असते. तेथे यंत्राचेही प्रदर्शन मांडू नये.

एवढी पथ्ये सांभाळून ज्याने यंत्र नेले, त्याचा खरा लाभ घरी परतल्यावर सुरू होतो. यंत्राने वाटेतील स्थाने टिपून ठेवलेली असतात. ती अक्षांश-रेखांशांवरून वहीतील नकाशावर एकेक करून मांडावी व रेघेने जोडावी. ती रेघ सरळ येत नाही. आरंभी समुद्रावर ती वळसा घेते, मध्येच एखाद्या ठिकाणी किंचित मोडते, आणि नागपूरजवळ पुन्हा वळून मग धावपट्टीशी मिळते. हिवाळ्यातील प्रवास असेल, तर आणखी एक गोष्ट आढळेल: जाताना दोन खुणांमधील अंतर मोठे आणि येताना लहान. वरच्या थरांतील वारे त्या ऋतूत पश्चिमेकडून वाहतात, आणि ते जाणाऱ्याला ढकलतात व येणाऱ्याला अडवितात. वाऱ्याचे कोडे असे उलगडते. रेघ मध्येच का मोडली, हे मात्र वहीत सापडणार नाही. त्यासाठी आकाशातही ठरलेले रस्ते कसे असतात, हे कोणा जाणकाराला विचारावे लागेल.