प्रलय आणि पाण्याचा हिशेब

शतपथ ब्राह्मणातील मनू-मत्स्याची कथा असो वा नोहाच्या तारवाची, कथा म्हणून दोन्ही आदरणीय आहेत. परंतु सारी पृथ्वी बुडाली, हा इतिहास नव्हे. ८,८४९ मीटरचा एव्हरेस्ट बुडवावयास आजच्या सर्व महासागरांच्या तिपटीहून अधिक पाणी आणखी लागेल. वातावरणातील सारी वाफ एकदम बरसली, तरी सरासरी जेमतेम अडीच सेंटिमीटर पाऊस पडेल. मग ते पाणी आले कोठून आणि गेले कोठे?

ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरत बुडाली, तेव्हा येथे पलसाण्यातही ‘दैवी प्रलय’ हेच शब्द कानी पडले. वस्तुतः ते पाणी उकाई धरणातून सोडलेले होते. दैवावर भार टाकला की धरणाचा हिशेब मागावयाचा राहून जातो. कथा श्रद्धेने ऐकावी; पूर मात्र मोजावा.