निगा

सामान वाहायची गाडी शर्यतीत उतरवणे हा शुद्ध वेडेपणा, असे कोणीही म्हणेल. पण शंकरपटात धावणारा छकडा तरी कोणत्या कुळातला? तेव्हा अमेरिकेतल्या माणसांना आपण हसू नये. त्यांनी आपल्या छकड्याला दोन बैलांऐवजी २८० घोडे जुंपले, एवढाच काय तो फरक!

या छकड्याचे नाव जीएमसी 'सायक्लोन'. १९९१ साली ती निघाली, जेमतेम ३ हजार गाड्या तयार झाल्या आणि प्रकरण आटोपले. पुढे दोघांपुरती जागा, मागे उघडा हौदा. म्हणजे आपल्याकडे बाजारात भाजी घेऊन येणाऱ्या पिकअपचीच चुलत बहीण. पण त्याच वर्षी 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने तिला फेरारी ३४८ च्या शेजारी उभी केली, आणि पाव मैलाच्या धावेत इटलीची ती राजकन्या मागे पडली! या पराक्रमाची किंमत हौद्याने मोजली. त्यात ५०० पौंडांहून, म्हणजे सुमारे २२७ किलोंहून, अधिक ओझे लादू नये असे बंधन होते. वाण्याकडची ५० किलोंची पाच पोतीही तिला जड!

डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे अशी एक काळीभोर सायक्लोन आहे. गेल्या उन्हाळ्यात मी तिकडे गेलो, तेव्हा तिचे बळ आणखी वाढवायचे त्याने मनात घेतले होते. दोन वर्षे पैसे साठवले होते.

"मामा, सोपं आहे," तो मला समजावू लागला, "धुराड्यातून बाहेर पडणारा वायू टर्बोचं चाक फिरवतो, आणि ते चाक इंजिनात हवा कोंबतं. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जोर जास्त. नुसती चिप बदलायची आणि हवेचा दाब वाढवायचा."

"आणि बाकीचं?" मी आपले मास्तरी वळणाने विचारले.

"बाकीचं आहेच की!"

त्या 'बाकीच्या'चा हिशेब एका म्हाताऱ्या मेकॅनिकने मांडला. त्याने चिपकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याने विचारले ते एवढेच, की त्या छोट्या पंपातून पाणी फिरते का, हे शेवटचे कधी पाहिले होते?

प्रश्न साधा, पण वर्मावरचा होता. हवा दाबली की ती तापते. तिला थंड करायला या गाडीत पाण्याची निराळी सोय आहे आणि ते पाणी फिरवायला विजेवर चालणारा इवलासा पंप आहे. तो बंद पडला तरी गाडी चालतच राहते. मात्र गरम हवेमुळे पेट्रोल अवेळी भडकू लागते. इंजिनातला संगणक ठिणगीची वेळ मागे सारून सांभाळून घेतो, आणि घोडे एकेक करून मुकाट्याने तबेल्यात परततात. अशात दाब वाढवला आणि पेट्रोल कमी पडले, तर पिस्टनच फुटायचे! पिस्टन वाचले, तरी वाढलेला जोर गिअरबॉक्सवर येणार. आणि या गाडीचा गिअरबॉक्स मुळातच नाजूक.

पंप पाहिला. तो फिरतच नव्हता. मग एकेक गोष्ट निघत गेली. तीस वर्षांच्या रबरी नळ्यांना भेगा पडल्या होत्या. गिअरबॉक्सचे तेल करपले होते. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने ब्रेकच्या लोखंडी नळ्या पोखरल्या होत्या. भाच्याने दोन वर्षे साठवलेले पैसे पंधरा दिवसांत संपले. चिप डबीतच राहिली.

मराठी शिकवणारा माणूस मी. मला शब्दांचा चाळा. 'सुधारणा' हा शब्द आपल्या ओठांवर सतत असतो. 'निगा' हा शब्द मात्र आपण म्हाताऱ्यांसाठी आणि झाडांसाठी राखून ठेवला आहे. मुलाला तिसरी शिकवणी लावताना त्याची झोप पुरी होते का, हे आपण विचारतो? माडीवर माडी चढवताना पायाकडे किती जण पाहतात? वाढवलेले बळ सर्वांच्या डोळ्यांत भरते. ते पेलणारा इवलासा पंप कोणालाच दिसत नाही.

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी भाचेसुनेने हिशेबाची वही पुढे ओढली आणि नवऱ्याला विचारले, "एवढे पैसे घातलेत, मग घोडे किती वाढले?"

"एकही नाही," तो हात पुसत म्हणाला, "पण आहेत ते २८० आता सगळे हजर आहेत!"